शिळा ब्रेड टाकण्याआधी तो किती कडक झालाय ते बघा

ब्रेडचं पाकीट संपत आलं की शेवटचे दोन-तीन स्लाइस आणि टोकांचे ते जाड तुकडे उरतात, त्यांना कोणी हात लावत नाही, दोन दिवस तसेच पडून राहतात आणि मग एक दिवस पाकिटासकट कचऱ्यात. मला हे बघून खरंच वाईट वाटतं. गहू शेतात उगवण्यापासून धरलं तर एक किलो ब्रेडमागे सरासरी १,६०० लिटरच्या आसपास पाणी खर्च झालेलं असतं, दळणं, भाजणं, वाहतूक हे सगळं त्याच्यावर वेगळं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल सांगतो की २०२२ मध्ये जगभरात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, आणि त्यातलं साधारण ६० टक्के घरांमधून. म्हणजे हॉटेलं नाहीत, दुकानं नाहीत, आपली रोजची स्वयंपाकघरं.

आणि ब्रेडच्या बाबतीत तर हे सहज टाळता येतं, कारण शिळा ब्रेड म्हणजे खराब ब्रेड नाही. उलट कितीतरी पदार्थ असे आहेत की ते ताज्या ब्रेडने नीट होतच नाहीत, त्यांना शिळाच लागतो. फक्त एक सवय लावून घ्यायची, "शिळ्या ब्रेडचं काय करू" असा सरसकट विचार न करता तो किती शिळा झालाय ते आधी बघायचं. नुसता कोरडा पडलाय, चिवट झालाय की अगदी दगड झालाय, यावरून त्याचं काय करायचं ते ठरतं. खाली मी त्याच क्रमाने लिहिलंय.

पण सगळ्यात आधी बुरशी

हे आधी लिहितोय कारण वाचवायच्या नादात लोक इथेच चुकतात. एका स्लाइसवर हिरवा, पांढरा किंवा काळा ठिपका दिसला की तेवढाच भाग कापून बाकीचा खायचा, असं करू नका. ब्रेड सच्छिद्र असतो, आपल्याला वर ठिपका दिसतो तेव्हा बुरशीचे धागे आत पसरलेले असू शकतात आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. भाजल्याने किंवा तळल्यानेही प्रश्न सुटत नाही, काही बुरशी जी विषारी द्रव्यं तयार करतात ती स्वयंपाकातल्या उष्णतेला दाद देत नाहीत. पाकिटात नाक घालून वासही घेऊ नका, बुरशीचे कण श्वासातून आत जातात आणि दमा किंवा ॲलर्जी असणाऱ्यांना त्याचा त्रास होतो. कापलेल्या स्लाइसच्या पाकिटात एकाला बुरशी असेल तर सगळं पाकीट टाकायचं, इथे काटकसर नाही.

दुसरी एक गोष्ट फार लोकांना माहीत नसते. दमट गरम हवेत कधीकधी ब्रेडला आतून जास्त पिकलेल्या फळासारखा गोडसर वास येतो, आणि तोडला की मधे चिकट तारा दिसतात. बुरशी दिसत नसली तरी हा जिवाणूंचा प्रताप असतो, त्यांचे बीजाणू भाजण्यातूनही जिवंत राहतात आणि ब्रेड गरम जागी राहिला की वाढतात. असाही ब्रेड टाकायचा आणि ज्या डब्यात ठेवला होता तो डबा गरम पाण्याने आणि साबणाने नीट घासून पूर्ण वाळवायचा.

एवढं सोडलं तर बाकी सगळा कडक ब्रेड वापरता येतो.

ब्रेड कडक होतो म्हणजे नक्की काय होतं

हे थोडं समजून घेतलं की पुढच्या सगळ्या युक्त्या आपोआप कळतात म्हणून दोन मिनिटं द्या. आपल्याला वाटतं की ब्रेडमधलं पाणी उडून जातं म्हणून तो कडक होतो. थोडंफार ते खरं आहे पण मुख्य कारण ते नाही. झां-बातिस्त बूसँगो नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५२ मध्येच दाखवून दिलं होतं की पाणी उडू दिलं नाही तरी ब्रेड शिळा होतोच, आणि तोच ब्रेड साधारण ६० अंश सेल्सिअसपर्यंत गरम केला की परत मऊ होतो. पाणी आतच असतं, बदलतो तो स्टार्च. भाजताना स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात आणि मऊ होतात, थंड झाल्यावर ते हळूहळू पुन्हा एका रांगेत बसायला लागतात, घट्ट होतात, आणि ब्रेड कडक लागतो.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, हलका कडक ब्रेड गरम करून मऊ करता येतो, पण तो परिणाम टिकत नाही, गार झाला की पहिल्यापेक्षा जास्त कडक होतो, म्हणून लागेल तेवढाच गरम करायचा आणि लगेच खायचा. दोन, स्टार्च घट्ट होण्याची ही क्रिया फ्रिजच्या तापमानाला सगळ्यात जोरात होते. म्हणजे ब्रेड ताजा राहावा म्हणून आपण फ्रिजमध्ये ठेवतो आणि तिथे तो बाहेरच्यापेक्षा लवकर कडक होतो. फ्रिजचा फायदा एवढाच की बुरशी उशिरा येते. हवा फार दमट असेल आणि तुम्ही ब्रेड नेहमी भाजूनच खात असाल तर ठेवा फ्रिजमध्ये, हरकत नाही, नुसता मऊ खायचा असेल तर नको.

फ्रीझरमध्ये मात्र ही क्रिया जवळजवळ थांबते. म्हणून ब्रेड वाया जाऊ नये यासाठी करण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ब्रेड आणला त्याच दिवशी, दोन दिवसांत संपेल एवढा बाहेर ठेवायचा आणि उरलेला फ्रीझरमध्ये टाकायचा. शिळा झाल्यावर नाही, ताजा असतानाच. अख्खा लोफ असेल तर आधी स्लाइस करा, नाहीतर नंतर गोठलेला लोफ कापत बसावं लागतं. पिशवीतली हवा दाबून काढा आणि तोंड घट्ट बंद करा, नाहीतर वर बर्फ जमतो आणि फ्रीझरचा वास लागतो. दोन-तीन महिन्यांत वापरला तर चवीत फारसा फरक पडत नाही. स्लाइस वितळायची वाट बघायची गरज नाही, गोठलेलाच टोस्टरमध्ये किंवा मंद तव्यावर टाकायचा, नेहमीपेक्षा मिनिटभर जास्त लागतं इतकंच.

नुसता कोरडा पडलाय, अजून दाबला जातो

हा कालचा-परवाचा ब्रेड. जाड कवचाचा अख्खा किंवा अर्धा लोफ असेल तर त्याला नळाखाली पटकन धरून बाहेरची साल ओली करा, कापलेली बाजू मात्र भिजू देऊ नका, आणि १८० अंशावर ओव्हनमध्ये आठ-दहा मिनिटं ठेवा. सालीवरच्या पाण्याची वाफ होते, आतला भाग मऊ होतो आणि साल परत कुरकुरीत. पहिल्यांदा करताना पाण्याखाली ब्रेड धरायला मन धजत नाही पण करून बघा, खरंच होतं. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत, झाकण ठेवून, मंद आचेवर.

स्लाइस असतील तर तव्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडून झाकण ठेवून अर्धा मिनिट, बास. मायक्रोवेव्हमध्ये करायचं असेल तर ओलसर कागदी रुमालात गुंडाळून दहा-पंधरा सेकंद, त्याच्या वर गेलात तर रबर होतो.

या अवस्थेतला ब्रेड ग्रिल सँडविचला ताज्यापेक्षा बरा पडतो कारण आतल्या टोमॅटो-काकडीच्या पाण्याने त्याचा लगेच लगदा होत नाही. टोस्ट करताना एक सांगायचं, सोनेरी रंगावर थांबा. जास्त काळपट भाजला की ॲक्रिलामाइड नावाचं नको असलेलं द्रव्य वाढतं, आणि चवही कडू होते.

आणि फ्रेंच टोस्ट. हा तर शिळ्या ब्रेडसाठीच जन्माला आलाय. ताज्या मऊ ब्रेडने केला तर दुधा-अंड्यात बुडवल्या बुडवल्या तो तुटतो किंवा बाहेरून भाजला जातो आणि आत ओला गच्च राहतो. कोरडा ब्रेड मिश्रण नीट पितो आणि आकारही सोडत नाही. चार स्लाइसना दोन अंडी, अर्धा कप दूध, चमचाभर साखर, चिमूटभर मीठ, दालचिनी किंवा व्हॅनिला काय असेल ते. नीट फेटा, अंड्याच्या पांढऱ्याचे तुकडे राहिले तर ते तव्यावर वेगळे दिसतात. प्रत्येक बाजू वीस-तीस सेकंद भिजू द्या, ब्रेड जास्त कडक असेल तर मिनिटभर, आणि मध्यम-मंद आचेवर लोण्यात भाजा. घाई करून मोठा गॅस केला की वरून काळा, आत कच्चा. तिखट आवडत असेल तर साखर वगळून मिरपूड, बारीक कांदा, चीज. अंडं खात नसाल तर अर्धा कप दुधात दीड चमचा कस्टर्ड पावडर किंवा कॉर्नफ्लोअर घोळवून त्यात बुडवा, पण प्रत्येक स्लाइसआधी ते ढवळा कारण पावडर खाली बसते.

चिवट झालाय, वाकवला तर मोडतो

तीन-चार दिवसांचा ब्रेड साधारण असा होतो. हा नुसता खाववत नाही पण पातळ काहीतरी शोषून घ्यायला याच्यासारखा दुसरा नाही, म्हणून याला दूध, अंडं, टोमॅटोचा रस, सूप असं काहीतरी द्यायचं.

ब्रेड पुडिंग सगळ्यांना माहीत आहे, तरी प्रमाण सांगतो कारण बहुतेक वेळा ते बिघडतं ते प्रमाणामुळे. सात-आठ स्लाइस म्हणजे साधारण २०० ग्रॅम ब्रेड, अर्धा लिटर दूध, तीन अंडी, ७०-८० ग्रॅम साखर. तुकडे करून लोणी लावलेल्या भांड्यात पसरा, मनुका वगैरे घाला, वरून मिश्रण ओता आणि मग निदान वीस मिनिटं तसंच राहू द्या. हे वीस मिनिटांचं थांबणं कोणी करत नाही आणि मग खाली कस्टर्ड वर कोरडा ब्रेड असे दोन थर होतात. मधेमधे चमच्याने वरचे तुकडे दाबत राहा. १७० अंशावर ४० मिनिटांच्या आसपास, भांडं हलवलं तर मधला भाग किंचित थरथरला पाहिजे, पाण्यासारखा हलला तर अजून कच्चं आहे. तिथेच बंद करा, बाहेर काढल्यावर ते आपोआप सेट होतं. जास्त वेळ ठेवलं तर अंडं फाटतं आणि पाणी सुटतं. ओव्हन नसेल तर भांड्यावर फॉइल घट्ट लावून मंद वाफेवर ३५-४० मिनिटं.

हाच प्रकार तिखट करायचा तर साखर काढायची आणि परतलेला कांदा, मशरूम, पालक, सिमला मिरची, चीज, जे उरलंसुरलं असेल ते घालायचं. आदल्या रात्री भांडं भरून झाकून फ्रिजमध्ये ठेवलं तर सकाळी फक्त भाजायचं काम, घरी पाहुणे असतील तर फार सोयीचं. फक्त कच्च्या अंड्या-दुधाचं मिश्रण ओट्यावर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, गरम हवेत तर तासभरही पुरे. आणि भाज्या घालण्याआधी त्यांचं पाणी आटवून घ्या, विशेषतः पालक आणि मशरूम.

सॅलडमध्ये ब्रेड ही कल्पना काहींना विचित्र वाटते. इटलीत टस्कनी भागात पान्झानेला करतात त्यात शिळा ब्रेड हाच मुख्य घटक असतो, बाकी टोमॅटो, कांदा, काकडी, तुळशीच्या जातीची बेसिलची पानं, ऑलिव्ह तेल आणि व्हिनेगर. पारंपरिक पद्धतीत ब्रेड पाण्यात भिजवून पिळून घेतात, पण तिकडचा ब्रेड घट्ट असतो, आपल्या पाकिटातल्या मऊ स्लाइस ब्रेडचा त्याने लगदा होईल. म्हणून स्लाइस ब्रेड असेल तर भिजवू नका, तुकडे जरा भाजून घ्या आणि टोमॅटोला मीठ लावून जे पाणी सुटतं त्यातच ते मुरू द्या. पंधरा-वीस मिनिटं ठेवलं की काही भाग मऊ काही कुरकुरीत असं होतं, ते फार छान लागतं. लेबनॉनकडच्या फत्तूशमध्येही हेच तत्त्व आहे, तिथे चपटी भाकरीसारखी शिळी पिटा तळून किंवा भाजून सॅलडमध्ये मोडून टाकतात.

जर्मनी-ऑस्ट्रियात शिळ्या बनचे उकडलेले गोळे करतात, झेमेलक्नोडल. २५० ग्रॅम बारीक तुकडे, त्यावर २५० मिलिलिटर कोमट दूध ओतून अर्धा तास ठेवा, मग दोन-तीन अंडी, परतलेला कांदा, पार्सली किंवा कोथिंबीर, मीठ, जायफळ घालून हाताने एकत्र करा पण मळू नका. ओल्या हाताने गोळे करून मिठाच्या पाण्यात सोडा आणि पाणी खळखळ उकळू देऊ नका, नाहीतर गोळे फुटतात, नुसतं हलकं हलत राहिलं पाहिजे, १५ ते २० मिनिटं. आधी एकच गोळा सोडून बघायचा, तो फुटला तर मिश्रणात मूठभर ब्रेडचा चुरा घालायचा. रस्सेदार काहीही असो, त्याच्याबरोबर हे गोळे छान जातात, आणि दुसऱ्या दिवशी चकत्या करून लोण्यात परतले की अजूनच.

आणि ज्याला यातलं काहीच करायला वेळ नाही त्याने तुकडे करून तव्यावर तेलात कांदा, मिरची, टोमॅटो परतून त्यात टाकावेत. पाण्याचा हबका मारून दोन मिनिटं झाकण, वरून लिंबू. टोमॅटो आधी चांगला शिजवून घ्या, ब्रेड सगळ्यात शेवटी, एवढंच लक्षात ठेवायचं.

दगड झालाय

लोक बहुतेक वेळा इथेच हार मानतात, आणि मला विचाराल तर सगळ्यात उपयोगी ब्रेड हाच. कारण यातून होतो चुरा, आणि चुरा घरात असला की रोज कशात ना कशात लागतो.

विकतचे ब्रेडक्रम्स आणणं मी बंद केलं त्याला बरीच वर्षं झाली. करायची पद्धत सोपी आहे पण एक गोष्ट पक्की, ब्रेड आतपर्यंत वाळलेला पाहिजे. वरून कडक आणि मधे किंचित ओलसर असेल तर मिक्सरमध्ये त्याच्या गोळ्या होतात आणि डब्यात भरला की आठवड्यात बुरशी. म्हणून तुकडे मोडून १२० अंशावर ओव्हनमध्ये वीस-तीस मिनिटं ठेवा, रंग बदलू द्यायचा नाही, नुसता वाळवायचा. एक तुकडा मोडून बघा, कट्कन आवाज यायला हवा. पूर्ण गार होऊ द्या, गरम असताना फिरवलं तर वाफ धरते. मग मिक्सर सलग न चालवता थांबत थांबत फिरवा म्हणजे पीठ होणार नाही. मिक्सर नको असेल तर जाड पिशवीत घालून लाटण्याने. जाडसर हवा तर जाड चाळणीने चाळा, वर उरेल तो आवरणाला, खाली पडेल तो टिक्कीत आणि कोफ्त्यात बांधायला, असे दोन डबे केले तर फार सोयीचं पडतं. हवाबंद डब्यात महिनाभर आरामात, फ्रीझरमध्ये तर कित्येक महिने, आणि फ्रीझरमधला चुरा गोठून दगड होत नाही, चमच्याने थेट काढता येतो. लसूण-लोण्याचा ब्रेड किंवा बिया-सुकामेवा असलेला ब्रेड मात्र फ्रीझरमध्येच ठेवा, त्यातलं तेल बाहेर खवट होतं.

आवरणासाठी वापरताना कटलेट आधी कोरड्या मैद्यात, मग अंड्यात किंवा मैदा-कॉर्नफ्लोअरच्या पातळ घोळात, मग चुऱ्यात, आणि हलक्या हाताने दाबून पंधरा-वीस मिनिटं फ्रिजमध्ये. हे फ्रिजमध्ये ठेवणं टाळू नका, त्याने आवरण चिकटून बसतं आणि तेलात सुटत नाही. तेल १७५ अंशाच्या आसपास हवं, थर्मामीटर नसेल तर चिमूटभर चुरा टाकून बघा, लगेच बुडबुडे येऊन वर तरंगला पाहिजे, लगेच काळा झाला तर तेल जास्त तापलंय. गोड बन किंवा मिल्क ब्रेडचा चुरा तळायला वापरू नका कारण त्यातली साखर आतलं शिजायच्या आत करपते, तो चुरा गोड पदार्थांना ठेवा.

खिमा किंवा मीटबॉल करताना कोरडा चुरा घालण्यापेक्षा अजून चांगली युक्ती आहे. अर्धा किलो खिम्याला दोन शिळे स्लाइस, कडा काढून, चार मोठे चमचे दुधात भिजवून त्याची पेस्ट करा आणि ती खिम्यात मिसळा. मांस शिजताना त्यातली प्रथिनं आवळून पाणी बाहेर फेकतात म्हणून गोळे कोरडे आणि कडक होतात, मधे ही पेस्ट असली की ती प्रथिनांना एकमेकांत घट्ट होऊ देत नाही आणि पाणी धरून ठेवते. फरक पहिल्या घासाला कळतो.

भाज्यांच्या टिक्कीला उलट, तिथे पाणी जास्त असतं म्हणून कोरडाच चुरा, पण एकदम ओतायचा नाही. दोन चमचे घाला, दहा मिनिटं थांबा, चुरा फुगतो, मग बघा अजून लागतो का. बहुतेक वेळा लागत नाही. घाईत जास्त पडला की टिक्की खाताना ब्रेडच लागतो.

अजून एक माझी अगदी आवडती गोष्ट. दक्षिण इटलीत चीज परवडत नसे तेव्हा लोक पास्त्यावर तेलात परतलेला ब्रेडचा चुरा घालायचे, आणि आजही घालतात. दोन चमचे ऑलिव्ह तेलात ठेचलेली लसूण, लाल मिरचीचे तुकडे, वर एक वाटी चुरा, मध्यम आचेवर सतत हलवत सोनेरी होईपर्यंत. शेवटच्या मिनिटात तो फार पटकन करपतो म्हणून रंग आला की लगेच दुसऱ्या ताटलीत काढा, गरम कढईत ठेवू नका. पास्ता, भाजलेला फ्लॉवर, सूप, उकडलेल्या भाज्या, कशावरही. एकदा करून ठेवला की दोन-तीन दिवस पुरतो.

क्रूटॉन, म्हणजे सूप-सॅलडवर घालायचे कुरकुरीत तुकडे, याच वर्गातले. दोन सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे, तेल आणि मीठ हाताने चोळून, १९० अंशावर १० ते १५ मिनिटं, मधे एकदा हलवून. तेल ओतून मग ढवळलं तर काही तुकडे तेलकट आणि काही कोरडे राहतात, म्हणून चोळायचंच. बाहेर काढल्यावर थोडे मऊ वाटले तर घाबरू नका, गार होताना कडक होतात.

मग सूप आणि सॉस. कॉर्नफ्लोअर येण्याच्या कितीतरी आधीपासून युरोपात पातळ पदार्थ दाट करायला ब्रेडच वापरत होते. अर्धा-पाऊण लिटर सूपला एक कडक स्लाइस तुकडे करून घाला, आठ-दहा मिनिटं उकळा आणि ब्लेंड करा. क्रीम न घालता छान दाट होतं. टोमॅटो, भोपळा, मशरूम, कशालाही चालतं. स्पेनमधल्या कोर्दोबाच्या साल्मोरेखो या थंड सूपमध्ये तर शिजवायचंही नाही, एक किलो पिकलेले टोमॅटो, २०० ग्रॅम शिळा ब्रेड, लसणाची एक पाकळी, मीठ आणि १०० ते १५० मिलिलिटर ऑलिव्ह तेल. टोमॅटो वाटून गाळा, ब्रेड त्या रसात दहा मिनिटं भिजवा, परत वाटा आणि मिक्सर चालू असताना तेल धारेने सोडा. रंग लाल जाऊन नारिंगी होतो, तो झाला की समजायचं जमलं. अगदी थंड करून खायचं. टोमॅटो आंबट आणि कच्चे असतील तर करू नका, इथे लपवायला काही नाही.

वाटणातही हेच. सुकामेवा महाग पडतो तेव्हा अर्धाच सुकामेवा आणि उरलेल्याच्या जागी तेलात तळलेला ब्रेडचा तुकडा, स्पेनमधल्याच कातालोनियातल्या रोमेस्को सॉसमध्ये असाच तळलेला ब्रेड, बदाम-हेझलनट आणि सुक्या लाल मिरच्या एकत्र वाटतात. तळलेला पाहिजे, कच्चा घातला तर चिकट लागतं.

टोकं, कडा आणि बाकीचं

ज्यांच्या घरात टोकांचे तुकडे कोणीच खात नाही त्यांनी फ्रीझरमध्ये एक पिशवी कायमची ठेवावी आणि सँडविचच्या कापलेल्या कडा, टोकं, मुलांनी ताटात सोडलेला न उष्टावलेला अर्धा स्लाइस हे सगळं त्यात टाकत जावं. पिशवीवर तारीख घाला. भरली की एकदमच चुरा किंवा पुडिंग करायचं, दोन स्लाइससाठी ओव्हन लावण्यात काही अर्थ नाही. नुसत्या कडा असतील तर तेल-मीठ-ओरेगॅनो लावून भाजा, सूपबरोबर काड्यांसारख्या खाता येतात.

घरी ब्रेड भाजणाऱ्यांसाठी, जुना ब्रेड नव्या कणकेत घालता येतो. अर्धा किलो पिठाला ५० ग्रॅम चांगला भाजलेला शिळा ब्रेड, १०० मिलिलिटर गरम पाण्यात भिजवून, कुस्करून, पूर्ण गार झाल्यावर. पाककृतीतलं पाणी तेवढं कमी करा. नवा ब्रेड जास्त दिवस ओलसर राहतो आणि भाजल्याचा खमंगपणा येतो.

पक्ष्यांना ब्रेड घालणं हा उपाय म्हणून मी सुचवणार नाही. त्याने त्यांचं पोट भरतं पण हवं ते पोषण मिळत नाही, आणि तळ्यात टाकलेला ब्रेड कुजून पाणी खराब करतो. कंपोस्टमध्ये बुरशीचा ब्रेड चालतो, तिथे बुरशीने काही बिघडत नाही, पण वरवर टाकला तर उंदीर-घुशी येतात. बारीक तुकडे करून ढिगाच्या मधे पुरा आणि वर सुक्या पानांचा जाड थर द्या.